पाखडाची आवणी

वारा पडला की राब पेटवायचा. म्हणून वेणूबाई उजाडल्यापासून ओट्याच्या खांबाला धरून समोरच्या बारा मजली इमारतींकडे बघत उभी होती. पूर्वी वारा बघायला बांधावरची शेवरी पुरायची. ती रस्त्याच्या आखणीत गेली. आता गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले कपडे हलतात का, ते बघायचं.

"पडला का?" खाटेवरून बापूरावांनी विचारलं. साखरेनं त्यांचे डोळे नेले, त्याला चौथं वर्ष चाललं होतं.

"सातव्या मजल्यावरचा परकर हालतोय अजून."

"यमुनीचा आसंल. तिचा परकर वाऱ्याबिगर बी हालतो."

चुलीपाशी बसलेली सून, रुपाली, तोंडाला पदर लावून हसली. सासरे असं काही बोलले की तो दिवस बरा जायचा, असा तिचा अनुभव होता.

पिंपळोशी म्हणजे कर्वेनगर ओलांडून खडकवासल्याच्या अंगाला गेलं की लागणारं गाव. एके काळी भाताचं. मग नगररचनेची योजना आली. योजनेनं सगळी शेतं एकत्र केली, बांध मोडले आणि पाटीवर चौकोन आखावेत तसे रस्ते आखले. ज्याची जमीन गेली त्याला निम्म्या मापाचा चौकोन मिळायचा. बहुतेकांनी तो चौकोन बिल्डरला देऊन फ्लॅट घेतले आणि ते समोरच्या 'हिरवाई' सोसायटीत राहायला गेले; सातव्या मजल्यावरची यमुना त्यांतलीच. वेणूबाईचं वीस गुंठे भातखाचर आणि त्यातलं घर तेवढं मधोमध उरलं. तिच्या वाट्याचा चौकोन डोंगराच्या पायथ्याशी होता. तिथं रस्ता नव्हता, पाणी नव्हतं, भिंत तर नव्हतीच.

फेब्रुवारीत योजनेच्या ऑफिसातून कागद आला. रुपालीनं तो दोनदा वाचून दाखवला. जमिनीत पीक उभं असेल तर पीक निघेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, घराला हात लागणार नाही. जमीन पड असेल तर जूनअखेर ताबा. रुपालीचा नवरा रतन चाकणला कंपनीत होता, आठवड्यानं यायचा. दिवाळीपर्यंत पायथ्याला दोन खोल्या उभ्या करतो म्हणाला होता. जूनमध्येच निघावं लागलं तर आंधळ्या माणसाला घेऊन पावसाळ्यात उघड्यावर राहावं लागणार होतं.

म्हणून यंदा भात व्हायलाच हवं होतं.

सातव्या मजल्यावरचा परकर थांबला. वेणूबाईनं चुलीतलं जळतं लाकूड उचललं. खाचराच्या वरच्या कोपऱ्यात, उंचवट्यावर, राब रचून ठेवला होता. खाली शेण, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यांत वर चाळलेली माती. डोंगराला कुंपण पडल्यापासून फांद्यांचा टहाळ मिळत नव्हता. पाला रुपालीनं हिरवाईतूनच आणला होता, माळ्यानं झाडून भरलेली पोती डोक्यावरून वाहून. वेणूबाईनं राब वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवला. तसं पेटवलं की आग पळत नाही, चालते. माती भाजली जाते, तणाचं बी आत मरून जातं, आणि वर पेरलेलं भात स्वच्छ उगवतं.

आग चालायला लागली. धूर सरळ वर गेला. बापूरावांनी नाक उंच केलं.

"शेण चांगलं वाळलंय," ते म्हणाले. "वासावरनं कळतं."

सहाव्या-सातव्या मजल्यापर्यंत गेल्यावर मात्र धूर आडवा पसरला आणि गॅलऱ्यांमध्ये शिरला. खिडक्या धडाधड बंद झाल्याचं वेणूबाईनं ऐकलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. धूर आला की माणूस खिडकी लावतोच.

तासाभरात घंटा वाजवत आगीचा बंब आला. मागून हिरवाईचे सेक्रेटरी यज्ञेश्वर साने चालत आले. निवृत्त अधिकारी, पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला कागद.

"काकू, हे काय चालवलंय आपण?"

"राब भाजतोय साहेब. भाताचा."

"भाताचा. असं. आमच्याकडे तो कुकरमध्ये होतो."

बंबावरचा वयस्क जवान भोरकडचा असावा. त्यानं राबाकडे एकदा बघितलं आणि पाइप खांद्यावरून उतरवला नाही. "साहेब, राब हाय तो. त्यांच्याच रानात हाय. जाईल आपलाआपण विझून."

"आपल्याला आग विझवायला बोलावलंय," साने म्हणाले. "शेतीविषयक सल्ला मागितलेला नाही. ही तक्रार. चाळीस सह्या आहेत. दोन दम्याचे पेशंट आहेत, एक बाळंतीण आहे."

त्यांनी कागद वेणूबाईपुढे धरला. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. सह्यांच्या ओळीवरून तिची नजर खाली घसरत गेली आणि मध्येच अडकली. सातशे दोन. तिथं थरथरत्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, यमुना.

"बाळंतीण हाय हे म्हाईत न्हवतं साहेब," वेणूबाई म्हणाली. "सांगितलं असतं तर पंधरा दिस आधीच भाजला असता."

सान्यांनी जवानाला हातानं खूण केली. जवानानं पाणी सोडलं. जरा खालून, जरा आवरतं सोडलं, तरी राब फसफसला, त्याच्यातून पांढरी वाफ निघाली आणि काळं पाणी खाचरात ओघळलं. ओट्यावर बापूराव खाटेची कड धरून तो आवाज ऐकत बसले होते. चांगल्या राबातून असा आवाज त्यांनी सत्तर वर्षांत ऐकला नव्हता.

जाताना तो जवान वेणूबाईजवळ थांबला. "मावशे, वला झालेला भाग आता पेटणार न्हाय. जेवढं भाजलंय तेवढं धरा."

निम्म्याहून थोडं कमी भाजलं होतं.

*

जून लागला. चार सरी येऊन गेल्या, माती ओली झाली. वेणूबाईनं घरातली बियाण्याची कणगी उकलली.

हे बी तिच्या सासूचं. सासूला तिच्या सासूकडून मिळालेलं. घरचा आंबेमोहोर. त्याला बाजाराचं बी कधी लागू दिलं नव्हतं. दर दिवाळीनंतर बापूराव बैलगाडीत पोती घालून कसबा पेठेत जायचे. तिथली पाच घरं ठरलेली होती. बोळात गाडी शिरली की वरच्या खिडकीतून कुणीतरी म्हणायचं, आला हो तुमचा मोहोर. वेणूबाई नवी नवरी असताना एकदा त्या गाडीतून गेली होती. परत येताना कर्वेनगरच्या जागी नुसती शेतं आणि मधून जाणारी पाणंद होती, ती तिला आजही दिसते. आता त्याच वाटेनं रिक्षानं गेलं तर तिला एक खूण सापडत नाही.

बी दरवर्षी पेरावंच लागतं. एक पावसाळा चुकला की ते जुनं होतं, निम्मं उगवत नाही. दोन चुकले की संपलं. त्यामुळे कणगीत होतं नव्हतं तेवढं सगळं तिनं काढलं. निम्मं भाजलेल्या भागात पेरलं. सगळं तिथंच टाकलं असतं तर रोपं एकमेकांना दाबून मेली असती, म्हणून उरलेलं विझलेल्या भागात टाकलं आणि हात जोडले.

आठव्या दिवशी दोन्ही भाग हिरवे झाले. दहाव्या दिवशी वेणूबाई उकिडवी बसून बघायला लागली. भाजलेल्या भागात भात बोटभर होतं. विझलेल्या भागातलं हिरवं दुप्पट उंच, दाट, तेल लावल्यासारखं चमकत होतं. आगीतून वाचलेलं तण. पाखड.

पाखड दिसायला हुबेहूब भात. नवख्याला कळतच नाही. वेणूबाई सोळाव्या वर्षी या घरात आली तेव्हा पहिल्याच भांगलणीत तिनं अर्धी ओळ भात उपटून पाखड राखलं होतं. सासूनं सगळ्या बायांपुढे तिच्या आईचा उद्धार केला. तेव्हा बापूराव विशीतले, मिशी नुकती फुटलेली. ते बांध ओलांडून आले, चिखलात तिच्याजवळ बसले आणि लोकांदेखत तिचा अंगठा धरून एका रोपावर टेकवला.

"पान खोडाला मिळतं तितं बग. भाताला तितं बारीक पांढरी जीभ आसती. लागली का? आता ह्यो पाखड बग. गुळगुळीत. त्याला जीभ नसती. डोळा फसतो, अंगठा फसत न्हाय."

चोपन्न वर्षांत तो अंगठा फसला नव्हता. आता तिनं तो विझलेल्या राबात फिरवला. गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत. तिथलं भात तणाखाली गुदमरून गेलं होतं.

"कसं हाय?" बापूरावांनी ओट्यावरून विचारलं.

"हिरवं हाय," ती म्हणाली.

*

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, योजनेच्या ऑफिसातला सर्व्हेवाला आला. अवधूत नावाचा, तिशीच्या आतला, पाठीला सॅक, हातात मोठा मोबाइल. त्यानं बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून बांधाच्या उरल्यासुरल्या दगडांवरून चालत चक्कर मारली.

"आजी, लँड तर रिकामी आहे. पीक कुठंय?"

"त्ये काय वरच्या कोपऱ्यात."

"ते दोन गुंठे पण नाहीये. मी काय लिहू? दोन गुंठे पीक, बाकी पड?"

"आरं बाळा, तेवढ्यातच सगळं शेत हाय." वेणूबाईनं पदर खोचला आणि समजावून सांगायला लागली. "ह्यो राब. हितं रोप करायचं. पंचवीस दिसांचं झालं, पाऊस धरला, की मुठी बांधायच्या आन् समद्या खाचरात चिखल करून आवणी करायची. तवा समदं भरतं. आत्ता रोप पंधरा दिसांचं हाय. पाऊस बी थांबलाय. आत्ता लावलं तर मरतं."

मुलगा वाईट नव्हता. त्यानं ऐकून घेतलं. मग मोबाइल तिच्याकडे वळवून दाखवला. "आजी, मला पटलं. पण हे ॲप आहे ना, याला पटत नाही. वरून फोटो लागतो, सगळा एरिया हिरवा दिसायला लागतो. नाहीतर ऑटोमॅटिक पड धरलं जातं. रिपोर्ट गुरुवारी दुपारी जातो."

"आन् पड लिवलं तर?"

"तर एक तारखेपासून मशीन लावतील ते." त्यानं घराकडे बघितलं आणि नजर लगेच काढून घेतली. "गुरुवारी बारापर्यंत मला फोटो पाठवा. वरून काढलेला. मी तोच लावतो. एवढंच माझ्या हातात आहे."

तो गेला. रुपाली पोळ्यांची चार घरं करून परत आली तेव्हा सासू राबाच्या कडेला बसलेली होती, एका हातात भाताचं रोप, दुसऱ्या हातात पाखड. भाताचं रोप बोटातून लोंबत होतं. पाखड ताठ होतं.

"आत्या, लावून टाकू या हेच," रुपाली म्हणाली. "लहान तर लहान. मेलं तर मेलं. फोटोपुरतं उभं राहिलं म्हणजे झालं."

"आन् बी?"

"बी काय?"

"घरात दाणा न्हाय, पोरी. समदं बी ह्या राबात हाय. हे कवळं रोप ह्या उन्हात, नाल्याच्या साबणाच्या पान्यात लावलं की दोन दिसांत झोपंल. मंग मोहोर संपला." तिनं भाताचं रोप पुन्हा राबात टोचलं. मग हातातलं पाखड रुपालीपुढे धरलं. "ह्ये मरत न्हाय. ह्ये कशात बी जगतं."

रुपालीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं ते घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला. ती वेल्ह्याकडची, भातातच वाढलेली. "आत्या, तण लावायचं? आपल्या हातानं?"

"फोटोपुरतं. पाऊस धरला की उपटून भात लावू. तवर भात राबात राहील. मोठं हुईल."

"मामांना काय सांगायचं?"

"त्यास्नी काय बी सांगायचं न्हाय."

*

वीस गुंठ्यांची आवणी दोघींच्यानं दोन दिवसांत होत नाही. पूर्वी गावात सावड होती. आज सगळ्या बाया माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. त्यात पैसा नसायचा, दिवसाला दिवस फेडायचा. आता सावडीच्या सगळ्या बाया हिरवाईत वेगवेगळ्या मजल्यांवर राहत होत्या. त्यातल्या एकीकडे वेणूबाईचा एक दिवस राहिलेला होता. तीन वर्षांपूर्वी यमुनाबाईच्या शेवटच्या आवणीला वेणूबाई गेली होती. तो दिवस फिटायच्या आत यमुनाबाईची जमीन योजनेत गेली, आणि बाकीच्यांनीही त्याच साली सोडलं. कुणी विषय काढला नाही.

संध्याकाळी वेणूबाई हिरवाईच्या गेटवर गेली. वॉचमन म्हणाला, "मावशी, कोणत्या फ्लॅटला लागलंय काम? कार्ड दाखवा."

"कामाला न्हाय. सातशे दोनला जायचंय. पाव्हणी म्हणून."

त्यानं तिच्या पायांकडे बघितलं. टाचांच्या भेगांत माती होती. "मागच्या लिफ्टनं जा. पुढच्या लिफ्टमध्ये आत्ताच पुसलंय."

यमुनाबाईच्या सोफ्यावर अजून प्लास्टिक होतं. ती गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. वेणूबाईला बघून तिचा हात थांबला.

"बस की गं."

"बसत न्हाय. कपडे मळलेत." वेणूबाई दारातच उभी राहिली. "सही तुजी व्हती."

यमुनाबाई खाली बघत राहिली. "पोरानं कागद आनला. म्हनला हितं कर, केली. मला वाटलं कचऱ्याचा धूर आसंल." थोड्या वेळानं म्हणाली, "खोटं बोलते. वास आला व्हता. राबाचाच हाय हे कळलं व्हतं. पर हितं राह्यचं म्हंजी हितल्यासारखं राह्यला लागतं, वेणे."

"म्या भांडाया न्हाय आले. माजी सावड मागाया आले."

"आत्ता? आत्ता कसली आवणी? रोप तरी झालंय का?"

वेणूबाईनं दार आतून लोटलं आणि सगळं सांगितलं. पाखडाचं नाव आलं तेव्हा यमुनाबाईनं कानांना हात लावले. गॅलरीतून खाली वेणूबाईचं सगळं खाचर दिसत होतं, मधोमध पत्र्याचं घर, ओट्यावर खाट, खाटेवर ठिपक्याएवढा माणूस.

"गुडघं वाकत न्हाईत माजं," यमुनाबाई म्हणाली.

वेणूबाई खाली त्या खाटेकडे बघत राहिली.

"पुतण्याचा ट्रॅक्टर शिमेंटच्या विटा वाहतो आता. उद्या चिखलाला लावायला सांगते. आन् दुसऱ्या विंगमधल्या दोघी येतील. मी सांगितलं की येतील."

*

मंगळवारी नाल्याचं पाणी मोटारीनं खाचरात घेतलं. हिरवाईचं सांडपाणी गाळून नाल्यात सुटायचं तेच ते. त्यावर फेस यायचा आणि त्याला साबणाचा वास होता. ट्रॅक्टरनं चिखल केला. बुधवारी सकाळी पाच बाया खाचरात उतरल्या. यमुनाबाईनं सुनेचा गाऊन वर खोचला होता. तिला वाकवेना, म्हणून ती चिखलात बसून, ढुंगणावर सरकत लावत होती. तिच्या पोरानं गॅलरीतून दोनदा हाक मारली. तिनं वर बघितलं नाही.

वेणूबाई राबातून पाखडाच्या मुठी बांधून आणत होती. उपटताना त्याची मुळं सुटता सुटत नव्हती. आयुष्यभर तिनं हे तण दिसेल तिथं उपटून बांधावर फेकलं होतं, मुळं वर करून, वाळून मरावं म्हणून. आता तीच मुळं ती पाण्यात हलकेच धुऊन घेत होती.

"चार काड्यांच्या वर धरू नका एका जागी," ओट्यावरून बापूराव सांगत होते. ऑफिसवाल्यांसाठी आवणी लवकर काढलीय, एवढंच त्यांना सांगितलं होतं, आणि ते सकाळपासून खुशीत होते. "लई खोल नका दाबू. आंबेमोहोर हाय, नाजूक जात."

"व्हय भाऊजी," यमुनाबाई म्हणाली.

"यमुने, तू बी आलीस व्हय? बरं झालं. सावड मोडू नये." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आज गाणं न्हाय का गं? मुकी आवणी चाललीय."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. यमुनाबाईनं घसा साफ केला, पण गाणं निघालं नाही.

"दम लागतो आता, भाऊजी."

"लागायचाच. उंचावर राहता."

दुसरी एक बाई मुठी सोडताना हळूच म्हणाली, "वेणूआत्या, पाप हाय ह्ये."

"माज्या नावावर लाव," वेणूबाई म्हणाली. "तू नुसती काडी दाब."

अंधार पडायच्या आत खाचर भरलं. गुरुवारी सकाळी यमुनाबाईच्या गॅलरीतून रुपालीनं फोटो काढला. सातव्या मजल्यावरून ओळी सरळ दिसत होत्या, कोवळा हिरवा रंग एकसारखा. बारा वाजायला वीस मिनिटं असताना तिनं तो पाठवला. दुपारी अवधूतचा मेसेज आला. रुपालीनं अंगणात उभं राहून वाचला. पीक उभे. पीक, भात. स्थिती, उत्तम. मुदत, कापणीपर्यंत.

"दिवाळीपत्तुर हात न्हाय लावत," वेणूबाईनं नवऱ्याला सांगितलं.

"लावतील कसं? उभ्या पिकाला कोन हात लावील?" बापूराव म्हणाले.

*

पाऊस आला असता तर सगळं निस्तरलं असतं. जुलै लागला आणि आभाळ पांढरं पडलं. राब उंचवट्यावर, भाजलेली माती आधीच तहानेली. वेणूबाई सकाळ-संध्याकाळ नाल्यावरून हंडे वाहून रोपाला पाणी घालायची. मग एका सकाळी नाला कोरडा दिसला. हिरवाईनं गाळलेलं पाणी पाइप टाकून आपल्या बागेकडे वळवलं होतं. टँकर वाचवायला चांगलीच गोष्ट होती ती. तिनं मोटार सुरू केली, मोटारीनं नुसती हवा ओढली.

ती सान्यांकडे गेली. ते क्लबहाऊसच्या पायरीवर पेपर वाचत होते.

"साहेब, रोज दोन पिंपं पानी. नुसतं रोपापुरतं. पाऊस पडंस्तवर."

"काकू, आपलं शेत तर झकास दिसतंय की. आमच्या हिनं गॅलरीतून काढलेला फोटो सगळ्या ग्रुपवर टाकलाय." त्यांनी चष्मा वर केला. "पाण्याचं म्हणाल तर माझ्या एकट्याच्या हातात नाही. ठराव लागेल. रविवारी मीटिंग आहे, विषय घेतो."

सोमवार होता.

रोज दुपारी वेणूबाई राबाजवळ जाऊन अंगठा फिरवायची. जीभ लागायची, पण कडक, कागदासारखी. घरात प्यायला येणारं पाणी तिनं रोपाला घातलं, भांडी घासलेलं घातलं, बापूरावांच्या अंघोळीचं घातलं. गुरुवारी शेंडे पिवळे झाले. शनिवारी ते वाजायला लागले. रविवारी मीटिंगला कोरम झाला नाही, असं रुपालीनं येऊन सांगितलं, तेव्हा वेणूबाई राबात बसून एकेक काडी उपटून बघत होती, एखादी तरी बुंध्याशी ओली आहे का म्हणून. एकही नव्हती.

खालच्या खाचरात भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या कडेला पाखड उभं होतं, फुटवे काढून, ताठ.

त्यानंतर नऊ दिवसांनी पाऊस आला आणि मग तो थांबला नाही. खाचर भरलं. रतन शनिवारी आला तेव्हा अंगणात उभा राहून म्हणाला, "आयला, यंदा भात काय जबरदस्त आलंय." रुपालीनं त्याला आत ओढून नेलं. बाहेर आल्यावर तो खाचराकडे न बघता थेट पायथ्याच्या प्लॉटवर खोल्यांचा पाया खणायला गेला. पावसात खणला. तो पाया तीनदा पाण्यानं भरला.

अवधूतचा मेसेज दर महिन्याला यायचा. स्थिती, उत्तम. वेणूबाईनं भांगलण केली नाही. कशाची करणार? बापूराव विचारायचे, तेव्हा ती दुपारभर खाचरात जाऊन नुसती उभी राहायची आणि पाय चिखलानं माखून परत यायची.

सप्टेंबर आला. या महिन्यात मोहोराचं भात फुलोऱ्यात येतं. तेव्हा सगळ्या घरात वास भरतो, कपड्यांना लागतो, ताकालासुद्धा लागतो. बापूराव तीन-चार दिवस संध्याकाळी नाक उंच करून बसले. हिरवाईतून कापलेल्या लॉनचा वास येत होता, कुणाच्या तरी फोडणीचा येत होता.

"यंदा वास न्हाय आला," ते शेवटी म्हणाले.

वेणूबाई तांदूळ निवडत होती. रेशनचा. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "पाऊस जास्ती झाला. वास धुऊन जातो."

"आमच्या आईच्या बी येळंला लई पाऊस व्हायचा."

रुपाली चुलीपाशी होती, तिनं फुंकणी तोंडापासून बाजूला केली.

"एक काडी आन बरं," बापूराव म्हणाले. "मुळासकट. हातात घिऊन बगू दे."

"वली हाय, हात मळतील."

"मळू दे."

वेणूबाई उठली. खाचराच्या कडेला उभी राहून तिनं इकडेतिकडे बघितलं, सगळीकडे एकच होतं. वाकून एक रोप उपटलं. मुळं सुटायला तिला दोन्ही हात लावावे लागले. ती परत येईपर्यंत बापूराव पाय खाली सोडून, ताठ बसून होते. तिनं रोप त्यांच्या हातात दिलं आणि तिथंच जमिनीवर बसली.

त्यांनी आधी मुळं चाचपली. मग खोड. मग डाव्या हातात खोड धरून उजवा अंगठा हळूहळू वर नेला, पान खोडाला मिळतं तिथपर्यंत. तिथं तो थांबला. पुढे गेला, मागे आला. दुसऱ्या पानाशी गेला. तिसऱ्या. वेणूबाई त्या अंगठ्याकडे बघत होती. त्याच्या नखात तंबाखूचा पिवळेपणा होता आणि पेरावर विळ्याची जुनी खूण होती. पलीकडे हिरवाईत दिवे लागायला सुरुवात झाली होती.

मग बापूरावांनी ते रोप शेजारी खाटेवर अलगद आडवं ठेवलं, मुळांची माती चादरीला लागू नये अशा बेतानं.

"जीभ हाय," ते म्हणाले. "भातच हाय. दिवाळीपत्तुर राहू दे."